मनी प्लांट खुंटवण्याची खात्रीशीर पद्धत

"वर्ष झालं, मनी प्लांट आहे तेवढाच आहे." ही तक्रार करणाऱ्या मंडळींना माझा साष्टांग नमस्कार. कुंपणावर फेकून दिला तरी फोफावणारा वेल घरात आणून जागच्या जागी थोपवायचा, म्हणजे काय खायचं काम आहे? ज्यांना हे अजून जमलेलं नाही, त्यांच्यासाठी चार युक्तीच्या गोष्टी.

आधी जागा. खिडकी सोडून कुठेही ठेवा. शोकेसमध्ये मुलांच्या ट्रॉफ्यांमागे, फ्रिजवर, सोफ्याच्या कोपऱ्यात. "इनडोअर आहे, त्याला उजेड नाही लागला तरी चालतं," हे येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत राहा. ट्यूबलाइट आहे की! आपल्याला पेपर वाचता येतो, मग झाडाला काय धाड भरली? पानांवरचे सोनेरी पट्टे पुसट होत गेले आणि दोन पानांमधलं अंतर वीतभर झालं, की समजा काम फत्ते. बाथरूमच्या खिडकीत मात्र चुकूनही ठेवू नका. तिथे उजेड असतो, हवा दमट असते, आणि मेला वाढायला लागतो.

दिशा आग्नेयच हवी. आग्नेयेला भिंत असली तरी.

पाणी रोज. पाऊस असो, थंडी असो, देवपूजा झाली की एक तांब्या. बोट खुपसून माती ओली आहे का बघणं हे रिकामटेकड्यांचे धंदे. कुंडीच्या बुडाला भोक असेल तर बुजवून टाका, फरशीवर डाग पडतात. माती नर्सरीवाल्याने पिशवीत दिली तीच ठेवा, ओली असताना चिखल आणि वाळली की वीट. मुळांनाही हवा लागते म्हणे! पाणी साचून मुळं काळी पडली, पानं पिवळी झाली, की "पाणी कमी पडतंय वाटतं" म्हणत आणखी एक तांब्या.

खताला चहाचा चोथा, दूध-साखरेसकट. मुंग्यांनाही कुणीतरी वाली हवा.

हवा शुद्ध करतो म्हणून बेडरूमच्या अंधारात ठेवणार असाल तर उत्तमच. नासाने 1989 साली तो प्रयोग हवाबंद पेटीत केला होता, आणि तुमच्या बेडरूमला दार आहे, पंखा आहे, खिडकी आहे, असल्या क्षुल्लक गोष्टींकडे लक्ष देऊ नका.

आता सर्वात रामबाण उपाय. मनी प्लांट विकत आणायचा नसतो, मागायचाही नसतो. चोरायचा! चोरलेलाच लाभतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या जिन्याच्या खिडकीत माझा वेल आहे. येता-जाता त्याची पानं गायब होतात. कात्री वगैरे नाही हं, सरळ ओढून. खोडाची साल सोलत जाते, तिथे चिकट पाणी सुटतं, मग ती जागा काळी पडते. परवा वरच्या मजल्यावरच्या काकू मोबाइल घेऊन आल्या. "अगं, तुझा कसा गं एवढा वाढतो? आमच्याला मुळं फुटली, पण पान म्हणून येत नाही बघ." फोटोत जॅमची बाटली, शेवाळाने हिरवं झालेलं पाणी, आणि त्यात एकुलतं एक पान. डाव्या कडेला फाटलेलं. ती फाट खिडकीची कडी लागून पडलीये काकू, माझ्यासमोर पडलीये! माझंच पान मला दाखवून मलाच विचारताय, ते वाढत का नाही?

नाही वाढणार. जन्मात नाही. नुसत्या पानाला मुळं फुटतात, ते महिनोन्‌महिने हिरवंगार राहतं, पण त्याला शेंडा येत नाही, कारण नवा कोंब जिथून फुटतो तो डोळा असतो खोडाच्या पेराशी, पान खोडाला जुळतं त्या गाठीपाशी. काकूंचं माहेर कोल्हापूरकडचं, घरचा ऊस. डोळा नसलेली टिपरी लावून उगवत नाही हे त्यांना मी सांगायचं? जिना उतरताना सगळं विसरायला होतं वाटतं. चोरायचंच होतं तर धड तरी चोरायचं होतं, पेरासकट, हवाई मूळ बघून, धारदार कात्रीने! आणि बेल वाजवली असती तर मीच दोन पेरांचा तुकडा कापून, कागदात गुंडाळून दिला नसता का?

बाटलीत दूध घालून पाहते म्हणाल्या. घाला!

नाही, आता उपरोध पुरे. अहो, हा वेल मूळचा फ्रेंच पॉलिनेशियातल्या मोरेआ बेटावरचा. झाडाच्या बुंध्याला धरून उजेडाकडे चढत जाणं हे त्याचं आयुष्य. कुठल्याही जुन्या बंगल्याच्या आवारात आंब्यावर चढलेला बघा, सुपाएवढी पानं असतात, फाटलेल्या कडांची. तो काही वेगळ्या जातीचा नाही, तुमच्या फ्रिजवर मरगळलेला आहे तोच आहे. लक्ष्मी म्हणून घरात आणता, अंधारात कोंडता, बुडवून मारता, आणि वर "आमच्या हाताला गुणच नाही" म्हणून गळा काढता. हाताचं काय घेऊन बसलात, डोळे उघडा. उचला ती कुंडी, खिडकीशी ठेवा, बुडाला भोक पाडा, मातीत कोकोपीट आणि थोडं गांडूळखत मिसळा, वरची माती वाळल्याशिवाय पाण्याचा तांब्या हातात घेऊ नका. थंडीत महिना-दोन महिने गप्प बसला तर त्याला बसू द्या. आणि जिन्यातल्या वेलाला पुन्हा कुणी हात लावला, तर मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये नाव घेऊन बोलणार आहे.