खुलासा : ‘ऑन’ शोधून पुसल्याने एचटीएमएल सुरक्षित होत नाही

यवतमाळ-वाशीमकडे गावोगावची संकेतस्थळे सांभाळणाऱ्या तरुणांमध्ये असा संदेश फिरतो आहे की, एचटीएमएलमधले (वेबपान लिहिण्याची भाषा) ‘ऑनलोड’सारखे, आपोआप स्क्रिप्ट चालवणारे टॅगचे गुणधर्म काढण्यासाठी मोकळी जागा, ‘ऑन’, पुढील अक्षरे आणि बरोबरचे चिन्ह शोधणारे रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुरातला ठरावीक नमुना शोधणारे सूत्र) वापरून सापडेल ते पुसले की पान सुरक्षित होते. हे चुकीचे आहे. गुणधर्माचे नाव लहान-मोठ्या कोणत्याही अक्षरांत चालते, बरोबरच्या चिन्हाआधी नवी ओळ चालते, आणि टॅगच्या नावानंतर मोकळ्या जागेऐवजी तिरपी रेघ दिली तरी ब्राउझर ‘ऑनलोड’ चालवतोच. स्वतःच्या जुन्या फायलींतील हँडलर (असे ‘ऑन’चे गुणधर्म) हुडकायला हा शोध खरोखर उपयोगी आहे. मात्र शेतकऱ्यांनी भरलेला मजकूर दाखवताना पार्सर (एचटीएमएलची रचना ब्राउझरसारखी वाचणारा प्रोग्राम) वापरून परवानगीचेच टॅग व गुणधर्म ठेवावेत, आणि ‘अनसेफ-इनलाइन’ची (पानातच लिहिलेली स्क्रिप्ट चालवण्याची) मुभा न देणारी कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी (पानावर काय चालू द्यायचे हे ब्राउझरला सांगणारे नियम) लावावी.