कार्ड आहे, औषध मात्र बाहेरून आणा

गरीब देशातल्या आरोग्य विम्यावर बोलायला बसलं की सगळा वाद पैसे गोळा कसे करायचे यावरच होतो. घानाने हा प्रश्न 2003 च्या कायद्यात बऱ्यापैकी सोडवला होता. त्याआधी तिथे ‘कॅश अँड कॅरी’ चालायचं, म्हणजे आधी पैसे, मग उपचार. नव्या कायद्याने वस्तू-सेवांवर अडीच टक्के आरोग्य लेव्ही, म्हणजे खास आरोग्यासाठीचा कर, बसवला आणि नोकरदारांच्या पेन्शन वर्गणीतला काही हिस्सा विम्याकडे वळवला. फेरीवाले, शेतकरी यांना वर्षाचा थोडासा हप्ता. 18 च्या आतल्यांना, 70 पुढच्यांना तोही माफ. 2008 पासून गरोदर बायकांनाही. दारोदार हप्ते मागत फिरण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं.

घोडं पेंड खातं ते पुढे, दवाखान्याला पैसे पोचवताना.

दवाखाना आधी उपचार करतो, मग क्लेम पाठवतो. उपचाराला निदानाच्या गटानुसार ठरलेली रक्कम, औषधांना यादीतला वेगळा दर. निदान फक्त मलेरियाचं आणि चिठ्ठीत अँटिबायोटिकही असेल, तर छाननीत तेवढ्यावर काट. (खरं तर बऱ्याचदा दुसरं निदान लिहायचं राहून गेलेलं असतं.) उरलेला क्लेम मंजूर होतो, पण पैसे? लेव्ही आधी सरकारी तिजोरीत जाते आणि तिथून अर्थखात्याच्या सवडीने विमा निधीत. 2017 मध्ये तर असे ठरावीक कामासाठी राखून ठेवलेले सगळे निधी मिळून करउत्पन्नाच्या 25 टक्क्यांवर जाऊ नयेत, अशी मर्यादाच घातली. लेव्ही आरोग्याच्या नावाने पूर्ण वसूल, निधीत मात्र कापून. विम्यापुरती ही मर्यादा उठायला 2025 उजाडलं.

उशीर फुकट पडत नाही. 2022 च्या अखेरीस घानात महागाई 50 टक्क्यांच्या वर होती. त्या वेगाने सहा महिने रखडलेल्या 100 सेडींत (सेडी हे घानाचं चलन) जेमतेम 82 सेडींचा माल येतो. पुरवठादार उधारी बंद करतो, फार्मसीचं कपाट रिकामं होतं आणि कार्डवाल्याच्या हातात बाहेरची चिठ्ठी पडते. लोक डॉक्टरला चोर म्हणतात.

दरडोई आगाऊ रक्कम देण्याचा, म्हणजे कॅपिटेशनचा प्रयोग 2012 मध्ये घानातल्या अशांती नावाच्या प्रांतात झाला. तो तेव्हाच्या विरोधकांचा बालेकिल्ला, त्यामुळे ‘आमच्यावरच प्रयोग का?’ म्हणत लोक भडकले आणि 2017 मध्ये तो गुंडाळला.

आगाऊ पैसे देण्याची कल्पना वाईट नव्हती. आजही क्लेम आल्याबरोबर निम्मी रक्कम सोडावी, छाननी सावकाश करावी. काट निघालीच तर ती पुढच्या महिन्याच्या बिलातून वळती करता येते.