विजेत्याच्या शेजारी कोण उभं होतं? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

अमेरिकेतल्या लिबरल आर्ट्स कॉलेजांच्या (म्हणजे एकाच व्यवसायाऐवजी विज्ञानापासून साहित्यापर्यंत सगळं शिकवणाऱ्या, बहुधा लहान कॉलेजांच्या) आजी-माजी विद्यार्थ्यांच्या बातम्या देणाऱ्या वार्तापत्रांवर मी लिहिलेल्या लेखाखाली तुम्ही चांगली सविस्तर आणि कडक प्रतिक्रिया दिलीत. तिला दोन ओळींत उत्तर देणं मला बरं वाटेना, म्हणून हे स्वतंत्र लिहिते आहे.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं : ही वार्तापत्रं म्हणजे कॉलेजांनी स्वतःचीच केलेली जाहिरात. हुशार आणि खात्यापित्या घरची मुलं, काही तर वशिल्यानं, निवडून घ्यायची आणि ती पुढे चमकली की श्रेय आपल्याकडे ओढायचं. नोबेलच्या बातमीशेजारी कुणाचं लग्न, कुणाची निवृत्ती, कुठल्या सामन्यातला विजय असा सगळा मालमसाला. आणि अपयश किंवा अन्याय यांना मात्र तिथे एक ओळही नाही.

निवडीचा मुद्दा मला मान्य आहे. मी लेखाच्या सुरुवातीलाच स्वार्थमोर कॉलेजची नावं दिली होती : हॉवर्ड टेमिन १९५५ सालचे पदवीधर, डेव्हिड बाल्टिमोर १९६० सालचे, आणि १९७५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालेल्या तिघांत हे दोघं. वाचताना छाती दडपते, पण हीच मुलं दुसरीकडे शिकली असती तर काय झालं असतं, हे त्या यादीवरून कळत नाही. ती यादी सुरुवातीला देणं ही माझी चूक. वशिल्याबद्दलही तुम्ही बरोबर बोललात. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना प्रवेशात झुकतं माप द्यायची प्रथा ॲमहर्स्ट कॉलेजनं बंद केली ती २०२१ मध्ये, म्हणजे कॉलेज स्थापन होऊन दोनशे वर्षं झाल्यावर. फीचं म्हणाल तर केंटकीतलं बेरिया कॉलेज विद्यार्थ्यांकडून शिकवणीची फी घेत नाही आणि प्रत्येकाला कॉलेजात काम करावं लागतं. पण बेरिया अपवाद आहे, त्याच्या आडून बाकीच्यांची बाजू मी घेणार नाही.

आता जिथे माझं मत वेगळं आहे तिथे येते. या बातम्या वाचताना माझी नजर विजेत्याच्या शेजारी कोण उभं होतं, तिकडे जाते.

रॉबर्ट नॉइस यांचं उदाहरण घ्या. इंटेलच्या दोन संस्थापकांपैकी एक, १९४९ साली आयोवातल्या ग्रिनेल कॉलेजातून पदवी. वार्तापत्रात एवढंच येतं. पण त्या कॉलेजात ग्रँट गेल नावाचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. अमेरिकेतल्या टेलिफोन कंपनीच्या बेल लॅब या संशोधन संस्थेत ट्रान्झिस्टरचा, म्हणजे आजच्या संगणकाच्या चिपांचा पाया असलेल्या छोट्या भागाचा, शोध लागल्याची बातमी १९४८ मध्ये आली आणि गेल सरांनी ते प्रकरण लगेच मनावर घेतलं. बेल लॅबचे तेव्हाचे अध्यक्ष ऑलिव्हर बकली ग्रिनेलचेच जुने विद्यार्थी, आणि ट्रान्झिस्टरच्या शोधकर्त्यांपैकी जॉन बार्डीन यांच्याशी सरांची ओळख. त्या धाग्यांवरून माहिती मिळवून सरांनी हा विषय आपल्या विद्यार्थ्यांपुढे ठेवला, तेव्हा मोठमोठ्या विद्यापीठांतही तो नीट पोचला नव्हता. लहान कॉलेजात शिक्षकाला विद्यार्थी नावानं माहीत असतो, वर्गाबाहेरही भेटतो, आणि नव्या गोष्टीचं कुतूहल एकाकडून दुसऱ्याकडे जायला वेळ लागत नाही. नॉइस हुशार होतेच. पण त्या वयात त्यांच्या हाताला काय लागलं, हे त्यांच्या हुशारीनं ठरवलं नव्हतं.

याच नॉइसनी विद्यार्थी असताना एका मेजवानीसाठी शेजारच्या शेतकऱ्याचं डुक्कर पळवलं होतं. कॉलेजनं त्यांना एका सत्रासाठी निलंबित केलं, कायमचं काढून टाकलं नाही. ते परत आले आणि पदवी घेऊन बाहेर पडले. अपयश छापत नाहीत ही तुमची तक्रार मला इथे फार पटते. मुलगा चुकला, त्याला शिक्षा झाली आणि त्याला परतही घेतलं, ही बातमी कुठल्याही पारितोषिकापेक्षा कॉलेजबद्दल जास्त सांगते. ती त्याच वेळी, त्याच पानावर यायला हवी.

दुसरं उदाहरण ओहायोतल्या ओबर्लिन कॉलेजचं. चार्ल्स मार्टिन हॉल १८८५ मध्ये तिथून पदवीधर झाले आणि २३ फेब्रुवारी १८८६ रोजी घरामागच्या लाकडी खोपटातल्या प्रयोगशाळेत त्यांनी विजेच्या साहाय्यानं ॲल्युमिनियम वेगळं करून दाखवलं. त्याच वर्षी फ्रान्समध्ये पॉल एरू यांनीही तीच पद्धत शोधली. हॉलना या प्रश्नाची गोडी लावली ती त्यांचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक फ्रँक ज्युएट यांनी. ज्युएट जर्मनीतल्या गटिंगेन विद्यापीठात शिकून आलेले. ॲल्युमिनियम वेगळं करणाऱ्या सुरुवातीच्या शास्त्रज्ञांपैकी फ्रीड्रिश व्होलर तिथेच होते. आणि हॉल यांची बहीण ज्युलिया, तीही ओबर्लिनचीच, रसायनशास्त्र शिकलेली. भावाच्या प्रयोगांची तिला बारकाईनं माहिती होती. पेटंटसाठी एरू यांच्याशी वाद झाला तेव्हा शोधाची तारीख सिद्ध करायला घरातल्यांची साक्ष कामी आली. मी माझ्या लेखात ज्युलियाचं नावसुद्धा घेतलं नव्हतं. तुमच्या प्रतिक्रियेनंतर मूळ लेखात तो परिच्छेद घातला आहे.

लग्नं, बाळं, निवृत्ती, निधन. तुम्ही याला भरताड म्हटलंत. माझ्या मते वार्तापत्राचा सगळ्यात जिवंत भाग तोच. अनेक कॉलेजांत एकेका वर्षाच्या तुकडीसाठी कुणीतरी माजी विद्यार्थी ही वार्ता गोळा करतो, तीही बिनपगारी. कोण कुठे आहे, कुणाला काय झालं, हे तो वर्षानुवर्षं विचारत राहतो. आता व्हर्जिनियातल्या स्वीट ब्रायर या महिला कॉलेजची गोष्ट आठवा. ३ मार्च २०१५ रोजी व्यवस्थापनानं जाहीर केलं, की पैशांची अडचण सुटण्यासारखी नाही आणि येत्या ऑगस्टमध्ये कॉलेज बंद होईल. विद्यार्थिनींना दुसरीकडे प्रवेश शोधायला सांगितलं गेलं, प्राध्यापकांच्या नोकऱ्या जाणार हे ठरलं. माजी विद्यार्थिनी काही दिवसांत एकत्र आल्या. त्यांनी पैसे जमवले, वकील गाठले, प्रकरण व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. जूनमध्ये तडजोड झाली : माजी विद्यार्थिनींनी १ कोटी २० लाख डॉलर उभे करायचे, अध्यक्ष आणि बरेचसे विश्वस्त बदलायचे, आणि कॉलेज चालू ठेवायचं. त्या वर्षी वर्ग भरले, आणि कॉलेज तगलं.

एवढ्या बायका इतक्या थोड्या दिवसांत कशा जमल्या? एकमेकींचे पत्ते, आजारपणं, मुलांची नावं त्यांना आधीपासून ठाऊक असल्याशिवाय हे जमतं का? तुम्ही ज्याला भरताड म्हणता, ते माझ्या दृष्टीनं या ओळखींचं खतपाणी आहे. नोबेलच्या बातमीनं अभिमान वाटतो, पण रात्री अकरा वाजता फोन उचलला जातो तो वर्गमैत्रिणीचा. शेवटी संकट येणारच म्हणून कुणी वार्ता लिहीत नसतं, हे खरं. तरी ती लिहिलेली असली की ऐन वेळी उपयोगी पडते.

राहिला अन्यायाचा मुद्दा. तो सगळ्यात जड आहे आणि तिथे मी तुमच्या बाजूला आहे. ओबर्लिननं १८३५ पासून कृष्णवर्णीयांना आणि १८३७ पासून मुलींना पदवीच्या वर्गात घेतलं, हे कॉलेज अभिमानानं सांगतं, आणि सांगावंच. मेरी जेन पॅटरसन १८६२ मध्ये तिथून पदवीधर झाली. अमेरिकेत बी. ए. झालेली पहिली कृष्णवर्णीय स्त्री म्हणून तिचं नाव घेतलं जातं. पण सुरुवातीच्या त्याच काळात विद्यार्थिनींच्या वाट्याला मुलग्यांचे कपडे धुणं, रफू करणं ही कामं होती. पदवीदान समारंभात स्वतःचा निबंध स्वतः वाचायची मुलींना मुभा नव्हती, एखादा पुरुष प्राध्यापक तो वाचून दाखवी. १८४७ मध्ये ल्यूसी स्टोन हिनं, जी पुढे स्त्रियांच्या हक्कांसाठी लढली, या अटीवर निबंध लिहायलाच नकार दिला आणि निबंधाविना पदवी घेतली.

१८८३ मध्ये ओबर्लिनला पन्नास वर्षं झाली. त्या सोहळ्यात भाषणासाठी कॉलेजनं ल्यूसी स्टोनला बोलावलं. ती गेली आणि बोलली. मधल्या छत्तीस वर्षांत काय काय घडलं असेल, ते शोधायला मी आता घेतलं आहे. पुढचा लेख त्यावरच असेल. तुम्ही तोही असाच कडक नजरेनं वाचावा, ही विनंती.