खुलासा : टॅरोचे संच चिनी वैद्यकातून आलेले नाहीत

भविष्य सांगण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या टॅरो पत्त्यांचे चार संच (चिन्हांनुसार पडणारे गट) चिनी वैद्यकातील पंचतत्त्वांवर आधारलेले असून त्यांवरून अवयवांचे विकार ओळखता येतात, असा मजकूर सध्या फिरत आहे. तो चुकीचा आहे आणि त्यावर विसंबून कोणीही तपासणी लांबवू नये, ही कळकळीची विनंती. टॅरो १५व्या शतकात उत्तर इटलीत खेळ म्हणून निर्माण झाला. तो प्राचीन इजिप्तचा असल्याचा दावा फ्रेंच लेखक कूर द जेबलँ यांनी १७८१ मध्ये केला. पेले, नाणी, तलवारी व दंड या चार संचांची जल, पृथ्वी, वायू व अग्नी यांच्याशी घातलेली सांगड त्यानंतरच्या युरोपीय गूढवाद्यांची आहे. चिनी परंपरेत काष्ठ, अग्नी, पृथ्वी, धातू व जल अशी पाच तत्त्वे असून यकृत काष्ठाशी, फुप्फुसे धातूशी जोडली जातात. वायू त्यांत नाहीच. खेळण्याचे पत्ते मुळात चीनमधून पश्चिमेकडे गेले असावेत, असे अभ्यासक मानतात, परंतु तो इतिहास खेळाचा आहे, वैद्यकाचा नव्हे.