ठाण्याला उतरणारी बाई

संध्याकाळी दादरला फास्ट लोकलच्या लेडीज डब्यात घुसल्यावर पहिल्या दहा सेकंदांत एकच गोष्ट ठरवायची असते : बसलेल्यांपैकी ठाण्याला कोण उतरणार? विचारायची सोय आहे, नाही असं नाही. 'कुठे उतरणार?' हाच आमच्या डब्यातला नमस्कार. पण विचारायचं कोणाला, ते आधी ठरवावं लागतं. एकीची सीट सांगून ठेवली की दुसरीला विचारायला तोंड राहत नाही, आणि डबाभर विचारत हिंडायला तिथे पाय ठेवायला तरी जागा कुठे असते? शिवाय उत्तर येतं ते असं : 'ठाणा. पण माझ्यामागे ती पिवळ्या ड्रेसवाली आहे. आणि तिच्यामागे या मावशी.' वीतभर जागा, तिला दोन वारस. तेव्हा चेहरा, पर्स, चपला आणि मोबाइलवरचं बोलणं एवढ्या भांडवलावर अनोळखी बाईचं माहेर, सासर आणि स्टेशन हुडकून काढणं भाग पडतं. सीएसएमटीपासून बदलापूर ६८ किलोमीटर आहे. मला बदलापूरला जायचं असतं. उभ्याने जायचं नसतं.

खिडकीतल्या बाईच्या वाटेला जायचंच नाही. दादरला जी खिडकीत दिसते ती तिथे सहजासहजी आलेली नसते. एक तर ती सीएसएमटीला गाडी थांबायच्या आत चढलेली असते, नाहीतर भायखळ्याहून उलटी जाऊन 'रिटर्न' आलेली असते. एवढा खटाटोप ठाण्यासाठी कोणी करत नाही. चौथ्या सीटवर अर्धवट टेकलेली बाईही उपयोगाची नाही, कारण ती उठली तरी आपल्याला मिळणार चौथीच सीट. आपलं लक्ष मधल्या दोघींवर.

मोबाइलवरचं बोलणं हा सगळ्यात भरवशाचा पुरावा. 'पोचतेच दहा मिनिटांत' याला काहीच अर्थ नाही, ते कुर्ल्यापासून कसाऱ्यापर्यंतच्या सगळ्याजणी म्हणतात. ऐकायचं ते कुकरबद्दल. 'कुकर लाव, तीन शिट्ट्या कर' म्हणाली तर ठाणे. 'डाळ-तांदूळ धुऊन ठेव, मी आले की लावते' म्हणाली तर डोंबिवली. 'काहीतरी खाऊन घ्या आता, माझी वाट बघू नका' ही कल्याणच्या पुढची.

मतांवरूनही कळतं. पाडव्याची शोभायात्रा १९९९ साली पहिल्यांदा डोंबिवलीत निघाली, हे न विचारता जी सांगते ती डोंबिवलीची. 'आता काय, सगळीकडेच निघतात' असं जी म्हणते ती ठाण्याची. एसी लोकलचा विषय निघू द्या. 'वाढवायलाच हव्यात, किती घाम येतो' म्हणणारीला फार लांब जायचं नसतं. 'आमच्या साध्या गाड्या काढून त्यांच्या जागी एसी घातल्या' असं म्हणताना जिचा आवाज चढतो, ती आमच्या बदलापूरची. २०२२ च्या ऑगस्टमध्ये याच रागाने कळव्याला आणि बदलापूरला लोक रेल्वेशी भांडले आणि दहा एसी फेऱ्या मागे घ्यायला लावल्या. त्यावर आमच्याकडे अजून हिरिरीने बोललं जातं. बोलताना मात्र कोणी सीट सोडत नाही.

झोपलेल्या बायकांचा अंदाज पूर्वी सोपा होता. ठाण्यानंतर फास्ट गाडी पारसिकच्या बोगद्यात शिरली की आवाज बदलायचा, आणि त्या आवाजाला ज्या डोळे उघडायच्या त्या डोंबिवलीच्या. कूस बदलायच्या त्या पुढच्या. २०२२ मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका झाली, फास्ट गाड्या मुंब्र्यावरून जायला लागल्या आणि बोगदा मेल-एक्स्प्रेसच्या वाट्याला गेला. गाड्यांची सोय झाली असेल, माझ्या शास्त्राचं नुकसान झालं.

इंडिकेटरवर कर्जतच्या गाडीला 'एस' लिहितात आणि कसाऱ्याच्या गाडीला 'एन'. शेजारी फास्टचा 'एफ' असतो तो वेगळाच. 'एस'ला स्लो समजून चढलेली बाई घाटकोपर सुटलं की विक्रोळीच्या आशेने दाराकडे सरकायला लागते. अशी बाई ओळखता आली तर सोनं, पण ती सहसा बसलेली नसते.

आता कोणी म्हणेल, असले अंदाज चुकत नाहीत का? अंदाज चुकत नाहीत. बायका भलत्याच स्टेशनवर उतरतात.

उदाहरणार्थ गवारवाली. कुर्ला गेलं तशी समोरच्या बाईंनी मांडीवर वर्तमानपत्र पसरलं, पिशवी उघडली आणि गवार मोडायला घेतली. मी खूश झाले. भाजी निवडणाऱ्या बाईबद्दल मला काही विचारावं लागत नाही. गवार अर्ध्या किलोच्या वर, म्हणजे घरात पाच-सहा माणसं. दोन्ही बाजूंच्या शिरा निगुतीने काढलेल्या आणि तुकडे नखाएवढे. इतकी बारीक गवार हौसेने कोणी मोडत नाही, घरात कवळी आहे. आणि ती सासूबाईंचीच, सासऱ्यांसाठी कोणी एवढं करत नाही, त्यांना आमटीत भात कालवून देतात. तेवढ्यात फोन आला. 'मी निघालो गं, येतो तासाभरात,' बाई म्हणाल्या. बाई असून 'निघालो', म्हणजे माहेर कोल्हापूरकडचं. म्हणजे त्या गवारीत शेंगदाण्याचं कूट आणि कांदा-लसूण मसाला पडणार, हेही समजलं.

राहिलं स्टेशन. घाटकोपरला पिशवीचा जेमतेम आठवा हिस्सा झाला होता. मी त्रैराशिक मांडलं. या वेगाने ठाण्याला गवार संपत नाही, डोंबिवलीला संपते. हातातलं काम टाकून उठणाऱ्यातली ही बाई नव्हे. डोंबिवली पक्की! विचारायचीही गरज नव्हती. मी तिच्यासमोर एक पाय रोवून, वरची कडी धरून उभी राहिले, म्हणजे पिवळ्या ड्रेसवाल्यांनी काय ते समजावं. 'काकू, तुम्ही उतरणार का?' एका पोरीने मला विचारलं. तिला काकू म्हणण्याबद्दल एक कटाक्ष दिला आणि नाही म्हटलं. ठाण्याला मागच्या बाकावरच्या दोघीजणी चक्क उठल्या. कानाला हेडफोन, मांडीवर लॅपटॉप, त्यांच्याकडे मी ढुंकूनही बघितलं नव्हतं. ती पोरगी जाऊन बसली.

दिवा मागे पडलं आणि शेवटची शेंग मोडली गेली. बाईंनी शिरा आणि देठं वर्तमानपत्रात गुंडाळली, पुडी पर्सच्या बाजूच्या कप्प्यात कोंबली. डोंबिवलीचा प्लॅटफॉर्म दिसायला लागला. मी रॅकवरची बॅग काढून खांद्याला लावली. बाईंनी नवं वर्तमानपत्र पसरलं आणि दुसरी पिशवी काढली. लसूण. तोही पावशेर.

'कुठे उतरणार ताई?' मी शेवटी विचारलं.

'बदलापूर. तुम्ही पण तिकडंच की.'

'तुम्हाला कसं कळलं?'

'मुलुंडला तुम्ही केस सारखे केले नाहीत. डोंबिवलीला बॅग काढलीत, पण तोंड दाराकडं नव्हतं, माझ्या सीटकडं होतं.' गड्डी मुठीत दाबून त्यांनी पाकळ्या मोकळ्या केल्या. 'शाळेत शिकवता न्हवं?'

'बँकेत आहे.'

'असू दे. बँकेतल्या बायका पण असंच बघतात.'

'कसं?'

'खात्यात किती शिल्लक हाय ते बघितल्यागत.'

शेजारची बाई हसली. तिच्या पलीकडची, जी इतका वेळ जप करत होती, तीही हसली. कल्याण आलं, शेजारची उठली आणि माझ्याकडे न बघताच गवारवालीने माझा हात धरून मला तिच्या जागेवर ओढलं. पिवळ्या ड्रेसवालीला 'ह्यांनी आधी सांगून ठेवलंय' असं धडधडीत खोटंही सांगितलं. मी आभार मानायला तोंड उघडलं तर माझ्या मांडीवर वर्तमानपत्राचा तुकडा आणि त्यावर अर्धा लसूण येऊन पडला.

'सोला.'

मी पहिली पाकळी घेतली. नखाने टोक खरवडलं, साल निघेना. दातांनी ओढावंसं वाटलं, पण डब्यात दातांनी कशी ओढणार? गवारवाली माझ्या बोटांकडे बघत होती. तिचं हिशोब मांडणं मला स्पष्ट दिसत होतं, मी स्वतः तेच करत जन्म काढला आहे.

'घरी स्वयंपाकाला बाई हाय ना?' तिने विचारलं.

आहे. दोन्ही वेळची, पोळ्यांसकट. लसूणही तीच सोलते. पण समोरच्या बाकावरच्या तिघींचे कान आमच्याकडे लागले होते आणि त्यातली एक माझ्याच सोसायटीतली निघू शकली असती.

'छे हो, मीच करते सगळं,' म्हटलं आणि विठ्ठलवाडीपासून अंबरनाथपर्यंत मान वर न करता सोलत राहिले. दोन-तीन पाकळ्या सालासकटच तिच्या पिशवीत गेल्या. तिने त्या एकेक करून उचलल्या आणि काही न बोलता परत माझ्या मांडीवर आणून ठेवल्या.