सात वाकळा आणि घडी

गावचे घर विकताना आईने आजीच्या हातच्या सात वाकळा माझ्या हवाली केल्या आणि "जपून ठेव" एवढेच बजावले. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे आमच्या घराण्यात सर्वांना तोंडपाठ आहे. परंतु अंथरूण पाहून घर घ्यावे, असे मला वेळेवर कोणीच सांगितले नाही. पुण्यातल्या आमच्या दोन खोल्यांत माणसे चार आणि कपाटे दोन. त्यात एकेक वाकळ म्हणजे आजीची जुनी नऊवारी इरकली लुगडी, आजोबांची विरलेली धोतरे आणि कोपऱ्यांना खणाचे तुकडे, हे सारे बोटाबोटाच्या अंतरावरील धावदोऱ्याने एकमेकांशी जखडलेले.

पहिल्या वर्षी त्या दिवाणाच्या पोटात गेल्या. कसर लागू नये म्हणून मी डांबरगोळ्या टाकल्या आणि माझ्या खबरदारीत कसर राहू नये म्हणून देवघरातला कापूरही टाकला. डांबरगोळी एकटी असेल तर ८० अंशांना वितळते आणि कापूर एकटा असेल तर १७५ अंशांपर्यंत दम धरतो. पण दोघांची गाठ पडली की ते ३२ अंशांच्या आसपासच पाघळतात, हे रसायनशास्त्र मला एप्रिलमध्ये एका वाकळीवर पसरलेल्या तेलकट डागाने शिकवले. (आमच्या लग्नाच्या बैठकीत दोन्हीकडच्या मामांचे नेमके हेच झाले होते.)

दुसऱ्या वर्षी पत्नीने हवा शोषून घेण्याच्या प्लास्टिकच्या पिशव्या मागवल्या. व्हॅक्यूम क्लीनर लावताच हातभर उंचीची चवड पापडासारखी चपटी झाली आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या. पावसाळ्यानंतर पिशव्या उघडल्या, तेव्हा आत कोंडलेल्या ओलीने बुरशीचे ठिपके धरले होते आणि घड्या अशा बसल्या होत्या की कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यानेही हात टेकले.

तेव्हा कोठे मला कळले की कापडाचा खरा वैरी घडी हाच आहे. घडीवर बाहेरचा थर ताणला जातो, आतला चुरगळतो आणि आधीच वर्षानुवर्षे नेसून झिजलेल्या लुगड्याचे तंतू नेमके तेथेच तुटतात. म्हणून घडी घालायचीच झाली, तर तिच्या पोटात मऊ सुती कापडाची वळकटी ठेवावी, दर तीन महिन्यांनी ती मोडून दुसऱ्या रेषेवर घालावी, आणि लाकूड किंवा वर्तमानपत्र यांना कापडाशी लगट करू देऊ नये, कारण त्यांतले आम्ल कापड पिवळे पाडते. संसाराची घडी बसावी म्हणून पंधरा वर्षे धडपडलेल्या माणसाला आता कोणतीही घडी बसू न देण्याचे काम लागले. आजीला यातले काहीही ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तिच्या घरी वाकळा सकाळी लोखंडी पेटीवर रचल्या जात आणि रात्री पुन्हा अंगावर येत. तेथे कोणत्याही घडीला एका दिवसापेक्षा अधिक आयुष्यच नव्हते.

घडीपेक्षा गुंडाळी उत्तम, असेही समजले. मी कापडाच्या दुकानातून पुठ्ठ्याची जाड नळी मागून आणली आणि खळ राहिली तर कसरीला मेजवानी होईल, म्हणून मांजरपाट दोनदा धुतला. घरात एवढी जागा नसल्याने मेव्हण्याला घेऊन गच्चीवर गेलो, सर्वांत मोठी वाकळ दर्शनी बाजू बाहेर ठेवून नळीवर गुंडाळली, वरून तो पांढरा मांजरपाट लपेटला आणि तीन ठिकाणी नाड्या बांधल्या. सहा फुटांची ती गुंडाळी लिफ्टमध्ये मावेना, म्हणून आम्ही दोघे ती खांद्यावर घेऊन जिना उतरू लागलो. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी आम्हाला पाहताच चपला काढल्या, हात जोडले आणि "कधी झालं?" असे हळूच विचारून मधोमध स्वतःही खांदा दिला. त्यांच्या चेहऱ्यावरचे गांभीर्य पाहून खुलासा करण्याचे धैर्य मला झाले नाही.

"वय काय होतं?" काकांनी विचारले.

"चाळीस तरी असेल," मेव्हण्याने वाकळीविषयी प्रामाणिकपणे सांगितले, आणि काकांचे डोळे भरून आले.

ती गुंडाळी आता आमच्या उशाशी, भिंतीलगत पडून असते. उरलेल्या सहा वाकळांना मी क्रमांक दिले, पोटात वळकट्या घालून त्या कपाटात ठेवल्या, आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेत गॅस सिलिंडरच्या तारखांशेजारी 'घडी मोडणे' अशा नोंदी केल्या. डिसेंबरात मेव्हणा मुक्कामाला आला. रात्री त्याला थंडी वाजू लागली आणि त्याने कपाटाकडे सूचक दृष्टी टाकली, तेव्हा मी त्याला ठामपणे एक सोलापुरी चादर दिली. पहाटे उठून पाहतो तर कपाट सताड उघडे होते, वळकट्या जमिनीवर लोळत होत्या आणि मेव्हणा चौथ्या क्रमांकाच्या वाकळीत गुरफटून घोरत होता. पुराव्यानिशी जाब विचारावा म्हणून मी दिनदर्शिका पाहिली, तर क्रमांक चारची घडी मोडण्याची तारीख आदल्याच दिवशी उलटून गेली होती. मी निमूटपणे पेन्सिल घेतली आणि त्या चौकोनात बरोबरची खूण केली.