तीन ओरॅकल, पण पर्जन्यमापक एकच: हरकतीला उत्तर

नमस्कार. मोहोराच्या दिवसांत ठरलेल्या उंबरठ्यापेक्षा जास्त पाऊस पडला की ब्लॉकचेनवरचा कॉन्ट्रॅक्ट (आपोआप चालणारा प्रोग्राम) काजू बागायतदाराला पैसे देतो, अशा पाऊस-विम्यासाठी मी लेखात तीन ओरॅकल नोड, म्हणजे बाहेरचा आकडा साखळीत आणणारे तीन संगणक, सुचवले होते. त्यावर तुम्ही विचारलंत, तिघेही एकाच संकेतस्थळावरून आकडा उचलणार असतील तर मध्यक (क्रमाने लावल्यावर मधला येणारा आकडा) काढून काय साधलं? त्यापेक्षा साधा डेटाबेस काय वाईट? पहिला मुद्दा पूर्ण मान्य. लेखातलं ते वाक्य बदललंय.

कॉन्ट्रॅक्टला स्वतः संकेतस्थळ वाचता येत नाही, कारण ब्लॉकचेनच्या साखळीतल्या प्रत्येक संगणकाला तोच व्यवहार चालवून तंतोतंत तेच उत्तर मिळावं लागतं. म्हणून बाहेरचं कोणीतरी सही करून आकडा आत टाकतं. सहीवरून पाठवणारा कळतो, आकड्याचा खरेपणा नव्हे. मध्यक लबाड नोडला आवरतो; चुकीच्या मापापुढे तो हतबल आहे. इथर या क्रिप्टोचलनाच्या भावाला तो चालतो, कारण सगळे बाजार एकच गोष्ट मोजत असतात. पावसाचं तसं नाही. पणजी, मुरगाव आणि वाळपईचा मध्यक हा गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या बागेचा पाऊस असेलच असं नाही. तीन मापकं हवीत ती एकाच गावात.

खरा घात मात्र रिकाम्या नोंदीत असतो. मापक बंद पडलं की त्या दिवसाची जागा कोरी राहते, आणि बरेच प्रोग्राम कोऱ्या जागेचा सरळ 0 करतात. मोहोर अवकाळी पावसाने झडलेला, आणि कॉन्ट्रॅक्टच्या लेखी पाऊसच नाही! आकड्यासोबत ‘नोंद आहे/नाही’ अशी वेगळी खूण पाठवा. खूण ‘नाही’ असेल तर कॉन्ट्रॅक्टने व्यवहार नाकारावा आणि 72 तासांनी त्याच गावातल्या दुसऱ्या मापकाचा आकडा स्वीकारावा. कॉन्ट्रॅक्ट ज्या भाषेत लिहितात त्या सॉलिडिटीत दशांश चालत नाहीत, तेव्हा 12.4 मिमी हा 124 म्हणून जातो. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी 8.30 ला संपतो, म्हणजे यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) 3.00 ला. ब्लॉकच्या (साखळीतल्या नोंदींच्या गठ्ठ्याच्या) वेळेवरून यूटीसी मध्यरात्रीला दिवस तोडलात तर एकाच सरीचे दोन तुकडे होऊ शकतात आणि दोन्ही उंबरठ्याखाली राहू शकतात.

आता डेटाबेस. तो विमा कंपनीच्याच हातात असतो, आणि उंबरठा नंतर बदलला तर बागायतदाराला पत्ताही लागत नाही. कॉन्ट्रॅक्टमध्ये नियम बदलण्याची सोयच ठेवली नाही, तर वाद फक्त एका आकड्यापुरता उरतो. त्यासाठी पैसे सुटण्याआधी 48 तास हरकतीची मुदत ठेवा, हरकत घेणाऱ्याकडून अनामत घ्या. विम्याला भावासारखी सेकंदांची घाई नसते.

टेस्टनेटवर (खरे पैसे नसलेल्या चाचणीच्या साखळीवर) तीन गोष्टी मुद्दाम पाठवून बघा: कोरी नोंद, एकाच तारखेचा आकडा दोनदा, आणि 124 च्या जागी 1240. पहिल्या दोन नाकारल्या जायला हव्यात; 1240 म्हणजे 124 मिमी, एवढा पाऊस खराही असू शकतो, म्हणून ती चूक हरकतीच्या मुदतीत पकडली जायला हवी.